बैठकीआधीचा माणूस

कॅप्टन बैठकीत कधी बोलत नसत. दाराजवळच्या खुर्चीत बसून संत्री सोलत. समोर लांब टेबल, त्यावर जपानच्या एका किनाऱ्याचा नकाशा, एका बाजूला टोकियोहून आलेले अधिकारी, दुसऱ्या बाजूला अमेरिकन. आणि ज्या माणसाने या सगळ्यांना अमेरिकेतल्या बेलव्ह्यूपर्यंत आणलं, तो साल एका सलग पट्टीत निघते का हे बघण्यात गुंतलेला. नवा कुणी आला की शेजाऱ्याला विचारायचा, हे आजोबा कोण? शेजारी म्हणायचा, हळू बोल, सगळं त्यांनीच ठरवलंय.

ठरवलेलं असायचं आधीच. बैठकीच्या आदल्या आठवड्यापासून कॅप्टन संत्र्यांची पिशवी घेऊन फिरायला लागत. कुणाला हॉटेलच्या नाश्त्याला गाठायचे, कुणाला पार्किंगमध्ये. एका अधिकाऱ्याला तर त्यांनी जिममध्ये ट्रेडमिलवर पकडलं आणि तो धावत असताना शेजारी उभं राहून हेलिकॉप्टरचा विषय संपवला. प्रत्येकाला एक संत्रं द्यायचं, त्याला काय नको आहे ते ऐकून घ्यायचं, आणि पुढच्याकडे जायचं. बैठकीत मग फक्त माना डोलवायच्या उरत.

या पद्धतीला जपानीत नेमावाशी म्हणतात. मोठं झाड दुसरीकडे लावायचं असेल, तर आधी त्याच्या मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करायची, तसं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कॅप्टननी मला हे फार गंभीरपणे समजावून सांगितलं.

मी म्हटलं, "आमच्याकडे याला कानावर घालून ठेवणं म्हणतात. लग्न जमवताना मध्यस्थ हेच करतो. ठरवायला म्हणून दोन्ही घरं बसतात, त्या दिवशी नुसते पेढे खायचे असतात."

ते बघत राहिले. "मग तू इतकी वर्षं कुठे होतीस?"

"इथेच. तुमच्यापासून दहा मिनिटांवर. कामाचा व्हिसा नव्हता."

मी नवऱ्याच्या व्हिसावर आले होते आणि त्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नागपूरला मी एका इस्पितळाचा प्रशासन विभाग सांभाळत असे. इथे आल्यावर काही वर्षं मुलीला शाळेत सोडणं आणि मराठी मंडळाच्या गणपतीचं जेवण सांभाळणं एवढाच माझा प्रशासकीय अनुभव वाढला. कॅप्टनच्या संस्थेची जाहिरात बघून अर्ज केला. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला. दोन देशांची माणसं एका टेबलावर जेवायला बसवायची आहेत, कशी बसवशील? मी म्हटलं, आधी मला सांगा, कुणाचं कुणाशी पटत नाही. त्यांनी पुढचे उमेदवार रद्द केले आणि माझ्या व्हिसासाठी वकील बघितला.

संस्था कसली, दातांच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या. कॅप्टन अमेरिकन नौदलातून निवृत्त झालेले. नोकरीतली निम्मी वर्षं जपानच्या बंदरांत काढलेली. जपानी भाषा ते कोळ्यांकडून शिकले होते. त्यामुळे ते बोलायला लागले की टोकियोचे साहेब लोक खाली बघून हसू दाबत. ऑफिसात बूट चालत नसत, सपाता घालाव्या लागत. चहाची एक पिशवी ते दोनदा वापरत आणि तिसऱ्यांदा पाहुण्याला देत. गाडी इतकी वाईट चालवत, की एकदा त्यांच्याबरोबर ४०५ हायवेवर गेल्यावर मी पुढच्या वेळेपासून स्वतः ड्राइव्ह करायला लागले. कामाचं कौतुक त्यांनी माझ्याच काय, कुणाच्याच तोंडावर कधी केलं नाही. काही चुकलं नसेल तर ते तुम्हाला एक संत्रं देत. नागपूरच्या बाईला हे असलं बोटभर संत्रं द्यायचं म्हणजे काय, ते त्यांना कळत नव्हतं. मी सांगून बघितलं. ते म्हणाले, "मोठं संत्रं वाटून खावं लागतं. छोटं आख्खं देता येतं."

काम मात्र गमतीचं नव्हतं. जपान आणि अमेरिका यांच्यात संरक्षणाचा करार आहे, जपानमध्ये अमेरिकेचे तळ आहेत, जहाजं आहेत. हे सगळं लढाईसाठी, असं मला वाटायचं. कॅप्टन म्हणत, "लढाई येईल न येईल, भूकंप येणारच. जे भूकंपात एकमेकांना फोन करत नाहीत, ते लढाईत काय करणार?" म्हणून आमच्याकडे कागदावरचे भूकंप होत. टेबलावर एक खोटं गाव मांडायचं, त्यावर लाट सोडायची, आणि दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी काय काय करायचं ते करून दाखवायचं. जहाज कुठून निघेल, औषधं कुठे उतरतील, कोण कुणाला कळवेल. याला टेबलटॉप एक्सरसाइज म्हणतात.

आणि दर वेळी गाडी एकाच ठिकाणी अडे. दुसऱ्याच्या घरात बोलावल्याशिवाय शिरायचं नाही, हा अमेरिकन बाजूचा नियम. आणि नेमकं काय हवं हे पक्कं कळेपर्यंत कुणाला त्रास द्यायचा नाही, ही जपानी बाजूची रीत. दोघेही सभ्यपणे थांबून राहत आणि कागदावर पाणी चढत जाई. कॅप्टन म्हणत, "जहाज पोचायला वेळ लागत नाही. 'या' म्हणायला लागतो." त्यांनी दोन्ही बाजूंना इतकं शिकवलं, की एका वर्षी अमेरिकन मंडळी अदबीने गप्प बसून राहिली आणि जपानी मंडळी टेबलावर हात आपटून बोलायला लागली. कॅप्टन सोलायचे थांबले. "आता यांना परत उलटं शिकवायचं," एवढंच म्हणाले.

त्यांचे काही नियम होते आणि त्यांवरून सगळे वैतागत. खोलीत घड्याळ नाही. 'पाणी घड्याळ बघून येत नाही.' पडद्यावर आकृत्या दाखवायच्या नाहीत. 'बाण काढला की माणसाला वाटतं मदत पोचली.' आणि खुर्च्या कुणी मांडून ठेवायच्या नाहीत. प्रत्येकाने, मग तो कितीही मोठा असो, खालच्या मजल्यावरून आपली खुर्ची स्वतः उचलून आणायची. जिन्यात एक अमेरिकन कमांडर आणि एक जपानी सहसचिव एकाच खुर्चीचे दोन पाय धरून अडकले की कॅप्टनना समाधान वाटे. खुर्ची उचलायची म्हणजे हुद्दा खाली ठेवावा लागतो, असं त्यांचं म्हणणं.

चौथा नियम माझ्या वाट्याला आला. खोट्या गावाची लोकसंख्या आकड्यात लिहायची नाही. माणसं लिहायची. "प्रत्येकाचं एक कार्ड कर," ते म्हणाले. "नाव, वय, काय खोड आहे."

मला जपानी माणसांच्या खोडी कुठून माहीत असणार? मी सरळ नागपूरच्या महाल भागातली आमची गल्ली उचलून त्या किनाऱ्यावर नेऊन ठेवली. वत्सलाकाकू, गुडघे गेलेले, लोणच्याची बरणी घेतल्याशिवाय घर सोडणार नाहीत. बंडू कंपाउंडर, ऐकू येत नाही, पण कबूल करत नाही. दोन सख्खे भाऊ, मधल्या भिंतीवरून अबोला, एका बोटीत बसणार नाहीत. नावं नंतर बदलू म्हटलं होतं. कॅप्टननी कार्डं वाचली आणि बदलू दिली नाहीत. "धिस इज अ टाउन," म्हणाले आणि मला दोन संत्री दिली.

जपानी बाजूचे प्रमुख एक कर्नल होते. उंच, कडक इस्त्रीचे, डोळे मिटून ऐकणारे. आम्हाला वाटलं, ही नावं बघून ते चिडतील. त्यांनी कार्डं रात्रभर स्वतःकडे ठेवून घेतली आणि सकाळी मला बाजूला बोलावलं.

"हे दोन भाऊ," त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "अबोला किती जुना आहे?"

"माझ्या जन्माआधीचा."

त्यांनी मान डोलावली. "मग दोन बोटी लागतील." आणि दोन बोटी मागवल्या. त्या दिवशी दुपारी अमेरिकेचं एक हेलिकॉप्टर लोणच्याच्या बरणीसाठी वाट बघत उभं होतं आणि ते सोडायचं की थांबवायचं यावर दोन देशांची भर टेबलावर गरमागरमी झाली. शेवटी बरणी घेतली. काकू आल्या. काकू आल्या म्हणून शेजारच्या चार बायका आल्या. आकड्यांच्या गावात हे कधीच झालं नसतं.

अशी काही वर्षं गेली. मग एका वसंतात नवऱ्याची नोकरी गेली. कंपनीने टीमच बंद केली. इथल्या लोकांना मी त्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही, पण तिकडच्या वाचकांसाठी सांगते. नोकरी गेली की थोड्या अवधीत दुसरी मिळवायची किंवा देश सोडायचा. तो माझ्या व्हिसावर आला. आमचा ग्रीन कार्डाचा अर्जही माझ्याच संस्थेतून केलेला होता. मुलगी अकरावीत. म्हणजे आमचं सगळं घर आता दातांच्या डॉक्टरच्या वरच्या त्या तीन खोल्यांवर उभं होतं.

आणि त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनहून नवा नियम आला. कार्यक्रमाचा खर्च जे कार्यालय देत असे, त्यांच्या प्रतिनिधी एक बाई होत्या, चटपटीत, हुशार, माझ्याच वयाच्या. नियम त्यांनी केला नव्हता, आणला होता. संरक्षणविषयक चर्चेच्या खोलीत यापुढे फक्त दोन्ही देशांचे नागरिक. निरीक्षक म्हणूनही तिसऱ्या देशाचं कुणी नको. मी भारताची नागरिक. खोली चालवणं हेच माझं काम. खोलीत जाता येणार नसेल, तर काम नाही. काम नाही तर व्हिसा नाही.

वार्षिक बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो विषय आला. 'उपस्थितीचे नियम.' बैठक महिन्यावर होती.

मी कॅप्टनकडे गेले. म्हटलं, "मी बोलणार आहे. मुद्दे काढलेत."

"बोलू नकोस."

"मग तुम्ही बोलाल?"

"मी बैठकीत बोलत नाही."

"अहो, माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे!"

त्यांनी ड्रॉवर उघडून एक संत्रं माझ्यापुढे ठेवलं. मी ते तिथेच ठेवून बाहेर आले.

घरी मी आणि नवऱ्याने भाषण तयार केलं. तो वॉशिंग्टनच्या बाई व्हायचा, मी माझी बाजू मांडायची. मुलगी जिन्यात बसून ऐकायची. "आई, यू साउंड सो अँग्री," ती म्हणाली. म्हटलं, "आहेच मी अँग्री." त्या महिन्यात कॅप्टन ऑफिसात फारसे दिसले नाहीत. टोकियोला जाऊन आले, वॉशिंग्टनला जाऊन आले. विचारलं तर म्हणत, जुन्या मित्रांना भेटलो. मी मनात म्हटलं, इकडे माझं घर बुडतंय आणि यांना मित्र सुचताहेत. आता लिहिताना वाटतं, कानावर घालून ठेवणं म्हणजे काय हे मीच त्यांना ऐटीत ऐकवलं होतं. दुसऱ्याच्या लग्नात मध्यस्थ ओळखू येतो, आपल्या वेळी येत नाही.

बैठकीचा दिवस आला. अध्यक्ष होते संस्थेच्या मंडळावरचे एक वयस्कर वकील. त्यांनी विषय वाचला. "उपस्थितीचे नियम. कुणाला काही म्हणायचं आहे?"

खोलीत शांतता. वॉशिंग्टनच्या बाई पेन झाकणात घालत होत्या. कर्नलचे डोळे मिटलेले. कॅप्टन दाराजवळ, हातात अर्धं सोललेलं संत्रं. कुणी हलेना, कुणी बोलेना. मला वाटलं, झालं. कुणालाच माझ्यासाठी तोंड उघडायचं नाही.

"कुणाला काही म्हणायचं नसेल, तर सध्याची व्यवस्था—" वकील म्हणायला लागले, आणि मी उभी राहिले.

"एक मिनिट. मला बोलायचं आहे."

कॅप्टननी डोळे मिटून घेतले. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं. मी चार वाक्यं बोलले. पाचव्याला वॉशिंग्टनच्या बाईंनी अगदी नाइलाजाने पेनचं झाकण काढलं.

"आता प्रश्न विचारलाच आहे," त्या म्हणाल्या, "तर मला नियम वाचून दाखवावा लागेल. आणि वाचून दाखवला, तर पाळावाही लागेल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती शांतता म्हणजेच होकार होता. 'सध्याची व्यवस्था चालू ठेवू,' एवढंच वकील म्हणणार होते. महिनाभर फिरून जमवलेलं मी चार वाक्यांत मोडत आणलं होतं. खाली बसावं की उभं राहावं, तेही सुचेना.

कर्नलनी डोळे उघडले.

"एक माहिती हवी आहे," ते सावकाश म्हणाले. "वत्सला-सान कुणाबरोबर खोलीत येतील?"

वकिलांनी कागद चाळले. "वत्सला कोण?"

"गावातल्या वयस्कर बाई. त्यांचे शेजारीही आहेत. आमच्या बाजूच्या टिपणात या बाईंची," त्यांनी माझ्याकडे बोट न दाखवता नुसता तळवा पुढे केला, "नोंद त्या गावच्या रहिवासी अशी आहे. आम्ही त्यांना निरीक्षक समजत नाही. गाव असेल तर रहिवासी असणार."

वॉशिंग्टनच्या बाईंनी एक क्षण विचार केला. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं, की मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. "रहिवासी. म्हणजे आराखड्याचा भाग. मग हा नियम लागूच होत नाही." पेनचं झाकण बसलं. "नेक्स्ट."

बैठक संपल्यावर मी जिन्यात कॅप्टनना गाठलं. ते खुर्ची खाली नेत होते. मी दुसरी बाजू धरली.

"झाड रुजलंय का बघायला," ते म्हणाले, "उपटून पाहायचं नसतं."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू त्यांचे आभार मानले असतेस. मग त्यांना काहीतरी केल्याचं कबूल करावं लागलं असतं."

मी आभार मानायला तोंड उघडलं. त्यांनी खुर्ची माझ्या बाजूला कलती केली, आणि ती सावरताना माझे शब्द राहून गेले.

पुढची एक्सरसाइज हिवाळ्यात झाली. सकाळी खोलीत शिरले आणि थबकले. भिंतीवर घड्याळ होतं. मोठं, पांढरं, सेकंदकाट्याचं. वॉशिंग्टनच्या बाई त्याखाली समाधानाने बसल्या होत्या. बैठका लांबतात ही त्यांची जुनी तक्रार होती. समोर पडदा लावलेला, आणि कर्नलचे अधिकारी त्यावर रंगीत बाणांच्या आकृत्या दाखवायच्या तयारीत. खुर्च्या मांडून ठेवलेल्या, गादीच्या. पाठदुखीवाले वकील त्यांतल्या एकीत हळूच टेकले आणि म्हणाले, आहा.

कॅप्टन दाराजवळच होते. आयुष्यभर ज्या तीन गोष्टींवरून ते भांडले, त्या तिन्ही खोलीत हजर होत्या. कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मी प्रत्येक गोष्टीकडे आणि ती ज्याला हवी होती त्या माणसाकडे बघत गेले, आणि मला हिशेब विचारायची गरज उरली नाही. नेमावाशीत फक्त संत्री वाटून भागत नाही. समोरच्याला काहीतरी खरं द्यावं लागतं.

चौथा नियम तेवढा त्यांनी कुणाला दिला नव्हता. गावात माणसंच होती. त्या दिवशी लाट आल्यावर अमेरिकन बाजूच्या एका कमांडरने बोलावण्याची वाट न बघता फोन उचलला आणि म्हणाला, "आम्ही निघालोय. नको असेल तर सांगा." जपानी बाजूने घड्याळाकडे बघून वेळ लिहून घेतली. कॅप्टननी मान खाली घातली आणि सोलत राहिले.

पुढे नवऱ्याला सांता क्लाराच्या एका कंपनीचं काम घरून करायला मिळालं. आमचं ग्रीन कार्ड आलं. मुलगी कॉलेजला गेली. कॅप्टन निवृत्त झाले आणि टेक्ससला, फ्रिस्कोत लेकीकडे राहायला गेले. संस्था आता मी चालवते. घड्याळ भिंतीवर आहे. मी एकदा फोनवर विचारलं होतं, काढू का? म्हणाले, दिलेलं परत घ्यायचं नाही. नाही काढलं.

गेल्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करायची वेळ आली. भारताचा पासपोर्ट सोडायचा म्हणजे नागपूरला घरात काय होईल ते मला माहीत होतं. आई रडणार, भाऊ टोमणे मारणार, सासूबाई जेवणार नाहीत. मी सुट्टीत गेले तेव्हा विषय कुणासमोर मांडला नाही. एका दुपारी आईजवळ बसून तिला काय भीती वाटते ते ऐकून घेतलं. भावाबरोबर स्कूटरवर एक चक्कर मारली. सासूबाईंना दवाखान्यात घेऊन गेले, येताना बोलले. निघायच्या आदल्या दिवशी सगळे जेवायला बसले आणि आईच म्हणाली, "अगं, तो अर्ज लवकर करून टाक, उगाच लांबवू नकोस." भाऊ म्हणाला, "हो, मग आम्हाला तिकडे बोलाव." आणि विषय आमटीवर गेला.

शपथ झाली त्या संध्याकाळी मी कॅप्टनना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांना ऐकायला कमी येतं आता, तेही बंडूसारखं कबूल करत नाहीत, म्हणून मोठ्याने सांगितलं.

"कुणी रडलं?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"काय दिलंस?"

"दर दिवाळी नागपूरला. आणि वर्षातून दोन महिने आई माझ्याकडे. सासूबाई पण. एकाच वेळी."

"महाग पडलं."

"तुम्हालाही महागच पडलं होतं," मी म्हटलं.

पलीकडे बराच वेळ काही नव्हतं. मीही बोलले नाही. एवढं शिकले आहे. मग ते खाकरले, आणि फ्रिस्कोत उकाडा किती भयंकर आहे, ते सविस्तर सांगायला लागले. मी सगळं ऐकून घेतलं.